फॉरवर्डच्या ढिगातून बाहेर पडून आपलं वाचन आपण कसं लावायचं

माझा मावसभाऊ निफाड तालुक्यात द्राक्षं करतो. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणी होऊन बाग पोंग्यात, म्हणजे नवीन फूट निघायच्या अवस्थेत होती आणि ग्रुपवर मेसेज आला की उद्यापासून तीन दिवस जोरदार पाऊस, सोबत नकाशाचा फोटो. पावसात रोग पडू नये म्हणून दादानं पहाटे चारला उठून ब्लोअर लावला, सगळी बाग फवारून काढली, औषधाचा डिझेलचा मजुरीचा खर्च झाला आणि पाऊस काही आलाच नाही. संध्याकाळी मी तो फोटो मोठा करून बघितला तर नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आदल्या वर्षाची तारीख होती. दादा म्हणाला, "अरे मला रोज चारशे मेसेज येतात, त्यातला खरा कुठला आणि शिळा कुठला हे बघत बसू का बाग बघू?"

प्रश्न रास्त होता. त्या रविवारी आम्ही ओट्यावर बसून त्याच्या फोनवर त्याच्यापुरतं एक वाचन लावून दिलं आणि ते आजपर्यंत नीट चाललंय. तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण अ‍ॅग्रिगेटर ही गोष्ट आपल्याकडे बहुतेकांनी वापरलेली असते पण ती आपल्या हातात कशी घ्यायची हे कुणी सांगत नाही.

आधी अ‍ॅग्रिगेटर म्हणजे काय ते. मार्केट यार्डातला अडत्या असतो तसा. माल त्याचा नसतो, माल दुसऱ्यांनी पिकवलेला, तो फक्त एका जागी मांडतो म्हणजे घेणाऱ्याला गावोगाव हिंडावं लागत नाही. पण पुढच्या रांगेत कुणाचा माल लागणार हे कोण ठरवतं यावर सगळं अवलंबून असतं, आणि तिथे तीन प्रकार पडतात. पहिल्यात लोक मतं देऊन ठरवतात, म्हणजे रेडिट किंवा हॅकर न्यूज. दुसऱ्यात मशीन ठरवतं, गूगल न्यूज, डिस्कव्हर, डेलीहंट हे सगळे त्यातले, तुम्ही कशावर बोट ठेवलं ते बघून पुढचं वाढलं जातं. आणि तिसऱ्यात तुम्ही स्वतः ठरवता, त्याला आरएसएस रीडर म्हणतात. माझं सरळ मत असं आहे की तिसरा रोजच्या वापराला, पहिला नवीन काही सापडायला आणि दुसरा अगदी कमी. आज बहुतेकांचं बरोब्बर उलटं झालंय.

तर सुरुवात तिसऱ्यापासून. आरएसएस १९९९ पासून आहे, त्यात अवघड काही नाही. बऱ्याच साइटचं एक साधं पान असतं, त्याला फीड म्हणतात, ज्यावर नुसती नव्या लेखांची यादी असते, शीर्षक, तारीख, लिंक, थोडा मजकूर. रीडर नावाचं अ‍ॅप ही पानं थोड्या थोड्या वेळानं जाऊन बघतं आणि नवीन काही आलं की तुमच्यासमोर तारखेनुसार लावतं. मध्ये कुणाचा अल्गोरिदम नाही, कुणी लाइक केलं म्हणून वर आलं असं नाही. तारीख प्रत्येक ओळीवर दिसते, आणि दादाच्या बाबतीत अर्धा घोटाळा तारीख न दिसल्यानेच झाला होता.

अँड्रॉइडवर 'फीडर' नावाचं मोफत अ‍ॅप आहे, ओपन सोर्स म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो, खातं उघडावं लागत नाही, फोन नंबर मागत नाही, दादाला मी तेच टाकून दिलं. आयफोन किंवा मॅक असेल तर 'नेटन्यूजवायर', तेही मोफत आणि ओपन सोर्स. कॉम्प्युटर आणि फोन दोन्हीकडे एकच यादी हवी असेल तर फीडली किंवा इनोरीडर, त्यांच्या फुकट खात्यात किती साइट जोडता येतात याला मर्यादा असते पण सुरुवातीला ती पुरून उरते. अ‍ॅप निवडण्यात आठवडा घालवू नका, कारण एकातून दुसऱ्यात जाणं पाच मिनिटांचं काम आहे, ते कसं ते पुढे येईलच.

आता फीड शोधणं. बहुतेक वेळा साइटचा पत्ता जसाच्या तसा रीडरमध्ये पेस्ट केला की तो स्वतःच फीड शोधतो. नाही सापडलं तर हे करून बघा: वर्डप्रेसवरचा ब्लॉग असेल तर पत्त्याच्या शेवटी स्लॅश देऊन इंग्रजीत फीड असं लिहायचं, ब्लॉगस्पॉटवरचा असेल तर स्लॅश फीड्स स्लॅश पोस्ट्स स्लॅश डिफॉल्ट. आपले जुने मराठी ब्लॉग बरेचसे या दोनच जागी आहेत त्यामुळे एवढ्यात खूप काम होतं. रेडिटवरच्या एखाद्या ग्रुपच्या पत्त्यामागे डॉट आरएसएस लावलं की त्याचंही फीड मिळतं. यूट्यूबचा चॅनेल असेल तर चॅनेलचा पत्ता बहुतेक रीडर घेतात, आणि याचा फायदा फार मोठा आहे कारण दादाला द्राक्षाचे जे चार चॅनेल हवे होते त्यांचे फक्त नवीन व्हिडिओ दिसतात, शेजारचे दहा भडक थंबनेल दिसतच नाहीत आणि अर्धा तास कुठे गेला हा प्रश्न येत नाही.

माझी सगळ्यात आवडती युक्ती म्हणजे गूगल अलर्ट. तिथे शब्द टाकला की त्या शब्दाची नवी बातमी आली की कळवतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण ते मेलवर घेतात आणि मेलबॉक्स भरतो. तिथे 'पर्याय दाखवा' उघडलं की कुठे पाठवायचं या जागी मेलऐवजी आरएसएस फीड निवडता येतं. ते फीड रीडरमध्ये जोडायचं, झालं. फक्त मराठीत एक गोष्ट सांभाळा, आपल्याकडे एकच शब्द चार जण चार तऱ्हेने लिहितात. लासलगाव आणि लासलगांव, टिंब असलेलं आणि नसलेलं, मशीनला हे दोन वेगळे शब्द वाटू शकतात. पावसाळी हवेत द्राक्षावर पडणारा तो रोग कृषी विभागाच्या कागदात केवडा असतो, दुकानदार डाऊनी म्हणतो, शेतकरी डावणी म्हणतो. आम्ही तिन्हीचे वेगवेगळे अलर्ट केले तेव्हा कुठे नीट यायला लागलं. ज्या विषयाचा अलर्ट करणार त्याचे लोक बोलतात ते सगळे शब्द आधी कागदावर लिहून काढा, हा सल्ला मी इतरांनाही दिलाय आणि सगळ्यांना उपयोगी पडलाय.

सरकारी साइटवर मात्र बऱ्याचदा फीड नसतं. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यांचा हवामानानुसार सल्ला साइटवर येतो, तो दादाला हवाच होता. अशा वेळी पानावर नजर ठेवणारं ब्राउझरचं एक्स्टेन्शन वापरायचं, 'डिस्टिल' नावाचं एक आहे, पानात बदल झाला की ते सांगतं. ते माझ्या कॉम्प्युटरवर लावलंय आणि बदल दिसला की मी दादाला लिंक पाठवतो. एवढं करायचं नसेल तर सोपा मार्ग म्हणजे त्या पानाचा शॉर्टकट होम स्क्रीनवर ठेवायचा आणि ठरलेल्या वारी उघडायचा.

आता जिथे नव्याने सुरू करणारे नव्वद टक्के लोक महिन्याभरात सोडून देतात तिथे येऊ (हा माझा ओळखीपाळखीतला अंदाज आहे). उत्साहात लोक मोठ्या वर्तमानपत्राचं पूर्ण फीड जोडतात. त्यात दिवसाला शेकड्यानं बातम्या येतात आणि महिन्यातून एकदा जीव ओतून लिहिणारा जो ब्लॉगर असतो तो त्या गर्दीत बुडून जातो, मग न वाचलेल्यांचा आकडा हजारावर जातो, तो बघून धडकी भरते आणि अ‍ॅप उघडणंच बंद होतं. म्हणून नियम असा ठेवा की जो कमी लिहितो त्याला आधी जोडायचं. रोजच्या बातम्यांना पेपर आहे, टीव्ही आहे, त्या कुठूनही कानावर पडतातच, पण दोन महिन्यातून एकदा येणारा लेख तुमच्यापर्यंत पोचवणारं दुसरं काही नाही. वर्तमानपत्र हवंच असेल तर एखाद्या विभागाचं फीड घ्या, पूर्ण नको.

फोल्डर तीनच करा, रोज, आठवड्याला, सवडीनं. दादाच्या 'रोज'मध्ये फक्त हवामान आणि बाजारभाव आहे, सहा फीड. आणि चार दिवस उघडायला जमलं नाही तर 'सगळं वाचलं' हे बटण दाबून मोकळं व्हा, जे महत्त्वाचं होतं ते परत कुठेतरी समोर येतंच. न वाचलेलं म्हणजे डोक्यावर कर्ज असं अजिबात समजू नका.

आता मतांवर चालणाऱ्या साइट. यांचा खरा उपयोग असा की ज्या गोष्टी शोधायच्या हेच तुम्हाला माहीत नव्हतं त्या तिथे सापडतात. पण आतलं गणित माहीत असेल तर फरक पडतो. रेडिट २००५ मध्ये सुरू झालं आणि २०१७ पर्यंत त्यांचा कोड खुला होता, त्यामुळे वर काय येतं याचं तेव्हाचं सूत्र सगळ्यांना वाचता येत होतं. त्यात पहिल्या १० मतांना जेवढं वजन, तेवढंच पुढच्या ९० मतांना मिळून, आणि साडेबारा तास जुनी झालेली पोस्ट नव्या पोस्टच्या बरोबरीला यायला तिला दहापट मतं लागायची. म्हणजे पोस्ट वर जाणार की तिथेच मरणार हे पहिल्या तासात 'न्यू' मध्ये, म्हणजे नुकत्याच आलेल्या पोस्टच्या यादीत जाऊन बघणारी मूठभर माणसं ठरवतात. पुढे सूत्र बदललं असेल तरी सुरुवातीच्या मतांचं महत्त्व अशा सगळ्याच साइटवर असतं. म्हणून आपल्या आवडीच्या दोन ग्रुपमध्ये आठवड्यातून एकदा तरी 'न्यू' उघडा आणि चांगलं दिसलं तर मत द्या, तुमचं ते एक मत नंतरच्या पन्नास मतांपेक्षा कामाचं असतं. मराठी, महाराष्ट्र, पुणे, मुंबई या नावांचे ग्रुप रेडिटवर आहेत, तिथे हे करून बघा.

नवीन ग्रुपमध्ये शिरलात तर पहिल्यांदा 'टॉप' लावून एक वर्षाचं निवडा, त्या ग्रुपची कुवत अर्ध्या तासात कळते. प्रतिक्रिया वाचताना 'बेस्ट' ठेवा, २००९ पासून ती पद्धत आहे आणि त्यात नुसती मतांची बेरीज नसते, वर किती गेली खाली किती गेली त्याचं प्रमाण बघतात, त्यामुळे उशिरा आलेली पण चांगली प्रतिक्रिया दबून राहत नाही. आणि स्वतः लिंक टाकताना स्क्रीनशॉट टाकू नका. हे मी कळकळीनं सांगतोय. लेखाचा स्क्रीनशॉट फिरला की लिहिणाऱ्याचं नाव जातं, तारीख जाते, पुढचा परिच्छेद जातो. मूळ लिंक, मूळ शीर्षक, आणि खाली आपल्या शब्दात दोन ओळी की हे का वाचावं, एवढं करा.

बॅकअपचा विषय आता, हा टाळू नका. या साइट बंद पडतात, मोठ्यातल्या मोठ्या पडतात. डिग ही मतांवर चालणारी साइट २००४ मध्ये आली, एके काळी त्याच्या पहिल्या पानावर आलं की लोकांचे सर्व्हर कोसळायचे, ऑगस्ट २०१० मध्ये त्यांनी नवीन आवृत्ती आणली ज्यात प्रकाशकांच्या लिंक आपोआप यायला लागल्या आणि वाचकांचा हात कमी झाला, लोक चिडून रेडिटवर गेले आणि दोन वर्षांत डिग विकलं गेलं. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं. नवनव्या साइट सुचवणारं स्टंबलअपॉन २०१८ मध्ये गेलं. नंतर वाचू म्हणून लेख साठवायचं पॉकेट जुलै २०२५ मध्ये गेलं. डिगच्या बाबतीत तर माणसं जोडण्यात काही कमी पडली नव्हती, ज्यांनी ती साइट उभी केली त्या वाचकांच्याच हातातून ती काढून घेतली गेली आणि ते उठून गेले, मला तरी तेच कारण दिसतं.

माझं स्वतःचं सांगतो. एका बुकमार्क सेवेवर मी सहा वर्षं लिंक साठवत होतो. ती बंद होणार हे सांगणारी मेल माझ्या जुन्या नोकरीच्या मेल आयडीवर गेली, तो आयडी माझ्याकडे राहिलाच नव्हता, आणि मला कळलं तेव्हा साइट गेलेली होती. त्यात एका निवृत्त शिक्षकांचा ब्लॉग होता, आपल्या भागातले जात्यावरचे, मोटेवरचे, मळणीचे शब्द ते एकेक करून लिहायचे, नाडा म्हणजे काय, सोंदूर म्हणजे काय, सोबत स्वतः काढलेली चित्रं. ब्लॉगचं नाव माझ्या लक्षात नव्हतं, लिंक होती म्हणून लक्षात ठेवायची गरज कधी पडली नव्हती. मी अजूनही तो शोधतो. त्यामुळे खालच्या दोन गोष्टी मी तेव्हापासून न चुकता करतो.

एक, रीडरच्या सेटिंगमध्ये ओपीएमएल एक्स्पोर्ट असं असतं. त्यातून एक छोटीशी फाइल निघते ज्यात तुमची सगळी फीडची यादी असते, ती दुसऱ्या कुठल्याही रीडरमध्ये इम्पोर्ट केली की जसंच्या तसं सगळं उभं राहतं. दर तीन महिन्यांनी काढायची आणि स्वतःला मेल करायची, विषयात तारीख टाकून, आणि मेल आयडी स्वतःचाच, ऑफिसचा नको. ज्या सेवेत ही सोय नाही ती वापरू नका, कितीही छान दिसत असली तरी. दोन, जो लेख जपावासा वाटतो तो इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जाऊन 'सेव्ह पेज नाऊ' मध्ये पत्ता टाकून जतन करायचा. मराठी ब्लॉगसाठी हे जास्त गरजेचं आहे कारण ते बहुतेक एकेकट्या माणसांनी चालवलेले असतात, डोमेनचे पैसे भरायचे राहिले किंवा माणूसच राहिला नाही की सगळं जातं.

मशीन ठरवतं त्या प्रकाराबद्दल थोडक्यात. डिस्कव्हर वगैरे बंद करता येत असेल तर बंद करा, ठेवायचं असेल तर नको असलेल्या बातमीवरच्या तीन टिंबांत जाऊन 'ही साइट दाखवू नका' हे निर्दयपणे वापरा, पंधरा दिवसात फरक दिसतो. गूगल न्यूज २००२ साली उभं केलं ते कृष्ण भारत या बंगळुरूच्या इंजिनियरने, अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर एकाच घटनेबद्दल वेगवेगळी वर्तमानपत्रं काय लिहितायत ते एका जागी दिसावं म्हणून. ती कल्पना आजही चांगली आहे आणि त्यासाठीच ते वापरा: एखादी बातमी खरी वाटत नसली की तिथे शोधायची आणि चार ठिकाणी काय लिहिलंय ते शेजारी शेजारी बघायचं.

मग पुढे या सगळ्याचं होणार काय? रेडिटने २०२३ मध्ये बाहेरच्या अ‍ॅपना एपीआयसाठी, म्हणजे रेडिटवरचा मजकूर आपल्या अ‍ॅपमध्ये घ्यायच्या वाटेसाठी, भरपूर पैसे मागितले, अपोलोसारखं लोकांचं लाडकं अ‍ॅप बंद पडलं, हजारो ग्रुपनी निषेध म्हणून दारं लावून घेतली. २०२४ मध्ये लोकांनी तिथे लिहिलेलं एआयला शिकवण्यासाठी गूगलशी करार झाला आणि त्याच वर्षी कंपनी शेअर बाजारात आली. म्हणजे लोकांनी फुकट केलेली निवड आणि चर्चा हाच आता विकायचा माल झालाय. दुसरीकडे शोधलं की वरच एआयनं लिहिलेला सारांश मिळतो, लिंकवर कुणी जातच नाही, आणि वाचायला कुणी येत नसेल तर तो मोटेवरचे शब्द लिहिणारा माणूस लिहील कशाला? मला वाटतं मोठ्या, सगळ्यांसाठी एकच अशा साइटचे दिवस हळूहळू सरतील आणि छोट्या, एकेका विषयाच्या, माणसांनी निवडलेल्या जागा टिकतील. लेमीसारखी सॉफ्टवेअर आहेत ज्यात रेडिटसारखी जागा कुणीही स्वतःच्या सर्व्हरवर उभी करू शकतो आणि तरी त्या एकमेकींशी बोलतात. आपल्याकडे हे अगदीच नवीन नाही, मायबोली १९९६ पासून आहे आणि ब्लॉगच्या भरात मराठी ब्लॉगवरचे नवे लेख एका पानावर दाखवणाऱ्या साइटही होत्या, मी कितीतरी लिहिणारे तिथूनच ओळखायला लागलो.

आणि अशी छोटी जागा करायला सर्व्हर लागतोच असं नाही. दादाच्या शेतकरी गटात बावीस जण आहेत. दर शुक्रवारी रात्री दादा त्याच्या रीडरमधून पाच लिंक निवडतो आणि एकच मेसेज टाकतो, पाचच, सहावी असली तर पुढच्या शुक्रवारी. प्रत्येकाची मांडणी ठरलेली, आधी तारीख, मग कुणी लिहिलंय किंवा कुठल्या संस्थेचं आहे, मग एका ओळीत काय आहे, मग लिंक. तारीख नसलेलं काही जात नाही. सुरुवातीला लोक म्हणाले की इतकं कमी का, आता एखाद्या शुक्रवारी उशीर झाला तर फोन येतात. तुमचा विषय शिवणकाम असो, स्पर्धा परीक्षा असो, सोसायटीतलं कंपोस्ट असो, हीच पद्धत चालते. एकानं निवडायचं, आणि दुसऱ्या कुणाला तरी फीडच्या यादीची ती ओपीएमएल फाइल देऊन ठेवायची म्हणजे पहिला आजारी पडला किंवा कंटाळला तरी काम थांबत नाही. दादाची फाइल त्याच्या पुतणीकडे आहे, ती बारावीला आहे आणि दिवाळीत दादा लग्नाला सांगलीला गेला होता तेव्हा दोन शुक्रवार तिनंच काढले.

परवा दादाचा फोन आला. म्हणाला यंदा थोडा माल बेदाण्याला घालायचा विचार आहे तर तासगावच्या सौद्यांचा अलर्ट मी करून घेतलाय, तू फक्त बघ बरोबर झालाय का. मी उघडून बघितलं. त्यानं बेदाणा, बेदाणे, मनुका आणि किसमिस असे चार वेगळे अलर्ट केले होते, आणि तासगाव टिंबासकट आणि टिंबाशिवाय.